हा क्लॅरिनेटवाला श्वास कुठे घेतो?

कॉफीवाला_नाशिक
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत माझं छोटं कॅफे आहे, सात टेबलं. सकाळी उघडल्यापासून रात्री शटर ओढेपर्यंत एका स्ट्रीमिंग ॲपवरची कॉफी जॅझ टाइपची प्लेलिस्ट चालू असते. मला स्वतःला जॅझमधलं ओ की ठो कळत नाही, पण हिंदी गाणी लावली की एका टेबलाला अरिजित हवा, दुसऱ्याला किशोर, तिसरा म्हणतो नव्वदीचं काहीतरी लावा. जॅझ लावलं की कोणी काही मागतच नाही, कटकट मिटली. दोन वर्षं असंच सुखात चाललं होतं.

तर माझ्याकडे एक काका रोज चारला येतात. पोलीस बँडमधे क्लॅरिनेट वाजवायचे, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. एक कॉफी घेतात, दोन पेपर वाचतात, जातात, एरवी फार बोलत नाहीत. गेल्या मंगळवारी त्यांनी मला हाक मारली आणि स्पीकरकडे बोट दाखवून विचारलं, "काय रे, हा क्लॅरिनेटवाला श्वास कुठे घेतो?" मला वाटलं गंमत करतायत. पण ते म्हणाले ऐक नीट, आणि टेबलावर बोटाने ताल मोजायला लागले, सोळा झाले, चोवीस झाले, बत्तीस झाले, सूर आपला चालूच. मधे कुठे तुटत नाही, दमत नाही, काही नाही.

मग मी पहिल्यांदाच फोन हातात घेऊन नाव बघितलं. दोन शब्दांचं इंग्रजी नाव, अकरा गाणी, सगळी दोन-सव्वादोन मिनिटांची, फोटो नाही, कव्हरवर पावसाळी खिडकी आणि कॉफीचा मग. गुगल केलं तर तेच ॲप आणि तीच अकरा गाणी, माणूस कुठेच नाही. रात्री हिशोब संपल्यावर बसून प्लेलिस्टमधली पहिली चाळीस नावं शोधली. एकतीस जणांचा पत्ता नाही. बायको म्हणाली तू जीएसटी भरताना एवढा मन लावून बसत नाहीस.

तर प्रश्न असा की हे लोक आहेत तरी कोण? हे सगळं एआय आहे का? आणि काकांना उद्या काय सांगू, ते रोज विचारतात सापडला का म्हणून.

बे_दुणे_पाच
सगळ्यात आधी कॉफी कशी आहे ते सांगा, पत्ता द्या, बाकी नंतर बघू 😀

पण काकांना एक सांगा, श्वास न घेता वाजवणारे लोक असतात बरं का. गालात हवा साठवून ती बाहेर सोडता सोडता नाकाने आत घ्यायची, सर्क्युलर ब्रीदिंग म्हणतात. केनी जीने १९९७ मधे सॅक्सोफोनवर एकच सूर ४५ मिनिटं ४७ सेकंद धरून गिनेसमधे नाव लावलं होतं. आपले सनईवालेही करतात की. त्यामुळे श्वास ऐकू आला नाही म्हणून लगेच एआय म्हणू नये.

काळी_चार
बे_दुणे_पाच, टेक्निक असतं हे बरोबर, पण कॉफीच्या मागे वाजणाऱ्या दोन मिनिटांच्या तुकड्यात कोणी कशाला एवढी मेहनत घेईल. काका बरोबर बोलतायत असं मला वाटतं.

आता धाग्याच्या प्रश्नाकडे येतो, जरा लांबण लागेल. तुमचं ॲप कुठलं ते मला माहीत नाही त्यामुळे त्याबद्दल काही म्हणत नाही, पण एकूण या धंद्यात गेल्या काही वर्षांत जे बाहेर आलंय ते सांगतो. यात दोन गोष्टी आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात.

पहिली गोष्ट, खरे संगीतकार पण खोटी नावं. याला घोस्ट आर्टिस्ट म्हणतात आणि हे एआयच्या बरंच आधीपासून आहे. मार्च २०२४ मधे डागेन्स न्युहेटर या स्वीडिश पेपरने शोधून काढलं की योहान रोर नावाच्या एकाच संगीतकाराची स्पॉटिफायवर ६५० पेक्षा जास्त वेगवेगळ्या नावांनी २७०० च्या वर गाणी आहेत आणि ती सगळी मिळून १५ अब्ज वेळा वाजलीत. म्हणजे स्वीडनमधे ॲबा या पॉप बँडच्याही पुढे, आणि हा माणूस कोणाला ठाऊक नाही. मग त्याच वर्षी डिसेंबरमधे लिझ पेली या पत्रकार बाईंचा हार्पर्स मासिकात मोठा लेख आला. त्यात होतं की स्पॉटिफायमधे परफेक्ट फिट कंटेंट नावाचा कार्यक्रमच आहे, म्हणजे काय तर ठरावीक कंपन्यांकडून स्वस्तात पार्श्वसंगीत घ्यायचं आणि मूडच्या प्लेलिस्टमधे भरायचं, कारण तिथे कोणी नाव बघत नाही. २०२३ पर्यंत दीडशेच्या वर प्लेलिस्ट जवळजवळ पूर्णपणे याच मालाच्या होत्या, त्यात कॉकटेल जॅझ आणि बोसा नोव्हा डिनर ही नावं पण आहेत. आम्ही स्वतः खोटे कलाकार तयार करत नाही असं कंपनी २०१७ पासून सांगत आलीय, ते शब्दशः खरं असेलही, दुसऱ्याने तयार केलेले घेतले तर ते तयार करणं होत नाही 🙂

त्याच लेखात एक जॅझ वाजवणारा सांगतो की सोफ्यावर पाठीवर पडून चार्ट, म्हणजे कोणी काय वाजवायचं त्याचे कागद, लिहायचे, मग एक दिवस सगळ्यांनी स्टुडिओत जमायचं आणि तास-दोन तासांत पंधरा तुकडे वाजवून मोकळं व्हायचं, प्रत्येकी एक टेक. आणि वरून सूचना कायम एकच, अजून सोपं वाजवा.

दुसरी गोष्ट म्हणजे खरंखुरं एआय, माणूस नाहीच. २०२५ च्या जूनमधे द व्हेल्वेट सनडाऊन नावाचा बँड उगवला, सत्तरच्या दशकातलं रॉक वाटावं असं, बघता बघता महिन्याचे श्रोते दहा लाखांच्या वर गेले आणि मग जुलैमधे त्यांच्याच पानावर आलं की हा सिंथेटिक प्रकल्प आहे, एआयच्या मदतीने केलेला. डीझर ही फ्रेंच स्ट्रीमिंग कंपनी या बाबतीत निदान आकडे तरी देते. जानेवारी २०२५ मधे त्यांच्याकडे रोज साधारण १०,००० पूर्ण एआय ट्रॅक येत होते, नोव्हेंबरमधे ५०,००० झाले, म्हणजे रोजच्या आवकेतले ३४ टक्के. दहा महिन्यांत पाचपट.

तुमच्या एकतीस जणांत किती पहिल्या जातीचे आणि किती दुसऱ्या हे नुसतं ऐकून सांगणं अवघड आहे. पण त्या सव्वादोन मिनिटांचं कारण सांगतो. ३० सेकंद वाजलं की एक प्ले मोजला जातो. पुढे दोन मिनिटं वाजो नाहीतर बारा, प्ले एकच. मग बारा मिनिटांचा सोलो कोण कशाला वाजवेल.

उसळपाव
वाचतेय. +१. मी रोज ऑफिसच्या कामाला असलीच प्लेलिस्ट लावते, आता घाबरून एकेक नाव बघणार 😐

शेजारी_पाजारी
मी जरा उलट बोलतो, शिव्या घाला.

कोणाला काय फरक पडतो? कॅफेत लोक येतात कॉफी प्यायला, गप्पा मारायला, लॅपटॉप उघडून फुकट वायफाय वापरायला. त्यांना मागे शांतता नको असते म्हणून काहीतरी वाजतं, एवढंच त्याचं काम. वॉलपेपर कोणी रंगवला असं आपण विचारतो का? एरिक साती या फ्रेंच संगीतकाराने १९१७ सालीच याला फर्निचर म्युझिक म्हटलं होतं, खुर्ची-टेबलासारखं संगीत. १९२० मधे पॅरिसला मध्यंतरात ते वाजवलं तर लोक गप्प बसून ऐकायला लागले आणि हा बाबा हैराण, ऐकू नका, बोला, फिरा म्हणून सांगत सुटला. म्हणजे न ऐकण्याचं संगीत ही कल्पना कुठल्या ॲपवाल्यांची नाही.

आणि डीझरचा एक आकडा काळी_चार यांनी सोयीस्करपणे गाळला 😉 नोव्हेंबर २०२५ मधेच त्यांनी इप्सॉस या सर्वेक्षण कंपनीकडून आठ देशांत ९,००० लोकांची चाचणी घेतली, ९७ टक्के लोकांना एआयचं आणि माणसाचं गाणं वेगळं ओळखता आलं नाही. हे काका उरलेल्या तिघांतले आहेत, त्यांना नमस्कार, पण धंदा सत्त्याण्णवांवर चालतो.

काळी_चार
सोयीस्करपणे नाही हो, प्रतिसाद आधीच मारुतीच्या शेपटाएवढा झाला होता म्हणून.

पण दोन मुद्दे. डीझरचंच २०२५ मधलं म्हणणं आहे की ती एआय गाणी येतात ढिगाने पण एकूण ऐकण्यात त्यांचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि त्यातलंही बहुतेक ऐकणं बॉटचं, माणसाचं नाही. म्हणजे यंत्राने वाजवायचं, यंत्राने ऐकायचं आणि पैसे मधल्याने न्यायचे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या एका माणसावर सप्टेंबर २०२४ मधे याच कारणासाठी खटला भरला, एआयची लाखो गाणी आणि बॉटची फौज, रॉयल्टी एक कोटी डॉलरच्या वर. ही रॉयल्टी कुठून येते? बहुतेक ठिकाणी पैशाचं एकच भांडं असतं, महिन्याला जमलेलं सगळं त्यात जातं आणि कोणाची गाणी किती वाजली त्या प्रमाणात वाटलं जातं. भांड्यात एकाने खोटी वाटी घातली की खऱ्याच्या वाटीत तेवढं कमी पडतं. वॉलपेपरवाला दुसऱ्या चित्रकाराच्या खिशात हात घालत नाही, इथे घालतात. शिवाय स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षात १००० वेळा न वाजलेल्या ट्रॅकला काहीच मिळत नाही. आता बसा, एखादा पोरगा क्लॅरिनेट शिकून दोन ट्रॅक टाकतो त्याचं काय होणार.

साउंडवाला
लिहू की नको विचार करत होतो. मी यातला पहिल्या जातीचा आहे, म्हणजे खोट्या नावाचा खरा माणूस.

मुंबईत अंधेरीला राहतो, कीबोर्ड वाजवतो, सहा-सात वर्षं परदेशातल्या दोन-तीन लायब्ररी कंपन्यांना, म्हणजे तयार पार्श्वसंगीत विकणाऱ्यांना, माल दिलाय. नावं सांगणार नाही, करार आहे. एका ट्रॅकचे ठोक पैसे मिळतात आणि मग त्या ट्रॅकशी तुमचा संबंध संपला, तो कोणत्या नावाने कुठे लागला हे तुम्हाला कधीच कळत नाही. एकदा दादरला एका लॅबमधे रक्त द्यायला बसलो होतो आणि माझाच बोसा वाजत होता. नर्सला सांगितलं ताई हे मी वाजवलंय, ती म्हणाली मूठ घट्ट धरा.

ब्रीफ, म्हणजे काय हवंय त्याच्या सूचना, कसं असतं ते सांगतो. टेम्पो अमुक ते अमुक. सोलो नको. ड्रमवर फिल नको, ब्रश चालतील. ट्रंपेट घेतलाच तर म्यूट लावून. शेवट विरत गेला पाहिजे, टाळीसारखा संपता कामा नये. आणि एका ठिकाणी तर सरळ लिहून आलं होतं की ऐकणाऱ्याने मान वर करून बघायला नको. कोणी मान वर केली तर तुमचं काम फसलं. मी जॅझ शिकलो तो लोकांनी मान वर करावी म्हणून, आणि कमावलं मान खाली राहावी म्हणून. रडगाणं नाही हे, त्या पैशांत घराचे हप्ते गेलेत.

आता खरी गोष्ट. गेल्या वर्षभरात ब्रीफ येणं जवळजवळ थांबलं. मग मागच्या दिवाळीच्या आधी एक काम आलं. दहा ट्रॅक तयार आहेत, तुम्ही फक्त माणसाळवून द्या. ऐकले तर सरळ एआय. त्यात सॅक्स आणि क्लॅरिनेटवर श्वासाचे आवाज घालायचे, कळा दाबताना खटखट होते ती घालायची, एखादा सूर किंचित उशिरा ढकलायचा. मी रात्री माइकसमोर बसून नुसता श्वास रेकॉर्ड केलाय हो. लहान श्वास, मोठा श्वास, घाईतला श्वास. फाइलला नावं पण तशीच दिली होती. बायकोने दार उघडून बघितलं, तिला वाटलं मला दमा झाला.

त्यामुळे धागाकर्ते, तुमच्या काकांचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. त्यांना जो ऐकू आला नाही तो श्वास घालायचे मला पैसे मिळतात.

उसळपाव
बाप रे.

बे_दुणे_पाच
साउंडवाला, दंडवत. धाग्याचे पैसे वसूल. (फुकट आहे तरी.)

गिरगावकर_७२
साउंडवाला यांचं वाचून मला आमच्या लहानपणची गल्ली आठवली. नाव नसणं ही मुंबईतल्या वाजवणाऱ्यांना नवी गोष्ट नाही, फक्त तेव्हा ॲप नव्हतं.

धोबीतलावला गोवेकरांच्या कूड, म्हणजे एकत्र राहायच्या जागा, होत्या, अजूनही काही आहेत, गावागावाच्या नावाची एकेक कूड, खाटा आणि ट्रंका आणि कोपऱ्यात आल्तार, म्हणजे त्यांचं देवघर. तिथे राहणारे कितीतरी लोक संध्याकाळी हॉटेलात जॅझ वाजवायचे आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचे. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले असल्यामुळे समोर कागद ठेवला की वाजवायचे, आणि आपल्या संगीतकारांना बहुतेकांना नोटेशन येत नव्हतं, त्यामुळे चाल यांची आणि वाद्यमेळ त्यांचा असा संसार होता. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यरची गाणी आपण घेतो त्यामागे सेबॅस्टियन डिसोझा अरेंजर. पडद्यावर नाव कितीदा दिसलं? आपल्या सी. रामचंद्रांकडे, म्हणजे चितळकर, ट्रंपेटवाला चिक चॉकलेट होता, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, हळदोण्याचा, त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. भगवानदादांचा अलबेला आठवा, १९५१, त्यात तो आणि त्याचा बँड पडद्यावर पण दिसतो. आपले मराठी लोक अलबेला म्हटलं की भगवानदादांची पावलं दाखवतात, त्या पावलांखाली वाजतंय कोण हे विचारत नाहीत.

आणि अँथनी गोन्सालविस. सगळ्या देशाला नाव पाठ आहे, १९७७ च्या अमर अकबर अँथनीमुळे, पण तो खराच माणूस होता, माजोर्ड्याचा व्हायोलिनवाला आणि अरेंजर, प्यारेलालना त्यांनी व्हायोलिन शिकवलं म्हणून शिष्याने गाण्यात गुरूचं नाव घातलं. वारले २०१२ मधे. म्हणजे बघा, नाव मिळालं ते असं, अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभच्या तोंडून.

आमच्या शेजारच्या वाडीत एक सॅक्सवाले अंकल होते. रेडिओवर गाणं लागलं की खिडकीतून सांगायचे, हां, यात मी आहे, दुसऱ्या कडव्याच्या आधी. आम्ही पोरं हसायचो. आता वाटतं की त्यांच्याकडे पुरावा एवढाच होता. शिफ्टचे पैसे घेऊन घरी, रॉयल्टी वगैरे नाव काढू नका.

शेजारी_पाजारी
मग हेच तर मी म्हणतोय काका. तेव्हाही बिननावाचेच होते, गाणी तरी अजरामर झाली. आता एवढा गळा का काढायचा?

गिरगावकर_७२
फरक आहे बाबा. अंकल खिडकीत बसून म्हणू शकत होते की यात मी आहे. साउंडवाल्यांनी लॅबमधे तेच केलं, नर्सने मूठ घट्ट धरायला सांगितली ते सोड. तुझ्या वॉलपेपरमधे हे म्हणायला खिडकीत कोण येणार?

अवांतर: त्या काळाबद्दल वाचायचं असेल तर नरेश फर्नांडिस यांचं ताजमहाल फॉक्सट्रॉट घ्या, इंग्रजी आहे, पण फोटोंसाठी तरी घ्या.

मुपो_मँचेस्टर
धागा आवडला. मी इथे इंग्लंडमधे, त्यामुळे जरा चांगली बातमी पण देते, नाहीतर सगळे जॅझ मेला म्हणून गंध उगाळायला बसाल.

इथे गेल्या आठ-दहा वर्षांत विशी-तिशीतल्या पोरांनी जॅझ पुन्हा नाचायच्या जागी आणलाय. एझ्रा कलेक्टिव्ह नावाचा लंडनचा पाच जणांचा बँड आहे, २०२३ मधे त्यांना मर्क्युरी प्राइझ, म्हणजे इथलं वर्षातल्या उत्तम अल्बमचं बक्षीस, मिळालं, जॅझ बँडला ते पहिल्यांदाच, आणि २०२५ मधे ब्रिट अवॉर्डमधे ग्रुप ऑफ द इयर, म्हणजे पॉपवाल्यांच्या घरात घुसून. ही मुलं टुमॉरोज वॉरियर्स नावाच्या उपक्रमातून आलीत, १९९१ पासून फुकट शिकवतात, बासवाला गॅरी क्रॉस्बी आणि जनीन आयरन्स यांनी सुरू केलेला. नुबाया गार्सिया सॅक्सवाली पण तिथलीच. मी एझ्राला उभ्या गर्दीत ऐकलंय, माझ्या पुढे एक आजोबा आणि मागे शाळेतली पोरं, दोघं सारखेच घामाघूम. मान वर नाही, अख्खं अंग वर.

अमेरिकेत लाउफे म्हणजे ती आइसलँडिक-चिनी मुलगी, २०२४ ला ग्रॅमी मिळालं, तिच्यावरून जॅझवाल्यांत अजून भांडणं चालतात की हा जॅझ की जुन्या धाटणीचं पॉप. ग्रॅमीवाल्यांनी तरी तिला पारंपरिक पॉपमधे टाकलंय. माझी भाची तिच्यामुळे एला फिट्झजेराल्ड या जुन्या जॅझ गायिकेपर्यंत पोचली, मला तेवढं पुरे.

बाकी शिकागोचं इंटरनॅशनल अँथेम हे लेबल बघा. आणि विकत घ्यायचं तर बँडकॅम्प ही कलाकारांची गाणी विकणारी साइट, तिथे जानेवारी २०२६ पासून एआयने केलेल्या संगीताला बंदी आहे, आणि विकलेल्या पैशातला बराच मोठा भाग कलाकाराला जातो.

कॉफीवाला_नाशिक
मंडळी, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार, कालपासून काउंटरवर बसून हेच वाचतोय आणि दोन ऑर्डर चुकवल्या.

साउंडवाला यांचा प्रतिसाद काकांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, श्वास घालतो म्हणजे कुठे घालतो ते विचार त्याला. त्यांचं म्हणणं असं की बँडमधे सहा क्लॅरिनेट असले तर सहाही जण एका जागी श्वास घेत नाहीत, आधीच ठरवून आळीपाळीने घेतात म्हणजे चालता चालता सूर तुटत नाही, आणि एकटा वाजवत असशील तर वाक्य संपतं तिथेच घ्यायचा, बोलताना घेतो तसा. वाक्याच्या मधेच घेतला तर कवायतीच्या मैदानात मास्तर काठी आपटायचे. तर साउंडवाला, तुम्ही कुठे घातलात?

आणि आता मी लावू काय ते सांगा. क्लॅरिनेट असलेलं पाहिजे, काका सोडणार नाहीत.

साउंडवाला
काकांना नमस्कार सांगा. खरं सांगू? पहिल्या चार ट्रॅकमधे दर चार बारला, म्हणजे तालाच्या चार आवर्तनांना, एक असे मोजून घातले होते, यंत्रासारखे. मग ऐकताना लाज वाटली. पुढच्या सहांत स्वतः ती धून तोंडाने गात बसलो आणि जिथे मला लागला तिथे घातला. क्लायंटला फरक कळला नाही.

काळी_चार
लावायला क्लॅरिनेटवाला बेनी गुडमन घ्या, कार्नेगी हॉलची मैफल, १६ जानेवारी १९३८. जिथे मुख्यतः क्लासिकल वाजायचं तिथे स्विंगवाले, म्हणजे नाचायचा जॅझ वाजवणारे, चढले तो दिवस. रेकॉर्डिंग जुनं आहे, खरखर आहे, लोक मधेच ओरडतात, आणि सिंग सिंग सिंग बारा मिनिटांच्या आसपास चालतं, म्हणजे आजच्या हिशोबाने निव्वळ तोट्याचा धंदा. जीन क्रुपा ड्रमवर पिसाटलेला आहे आणि शेवटाकडे जेस स्टेसी पियानोवर एकदम कुजबुजायला लागतो ते चुकवू नका. आजच्या लोकांत ॲनट कोहेन, न्यूयॉर्कची, फार गोड क्लॅरिनेट.

क्लॅरिनेट नसलं तरी चालेल म्हणत असाल तर पियानोवाला कीथ जॅरेट, त्याची जर्मनीतली कोलोनची मैफल, २४ जानेवारी १९७५, २०२५ मधे पन्नास वर्षं झाली म्हणून बरीच चर्चा होती. अठरा वर्षांच्या मुलीने आयोजन केलेलं, आणि आणून ठेवला चुकीचा पियानो, वरचे सूर पातळ, पेडल धड चालत नाही. तो बहुतेक वेळ मधल्या पट्टीतच राहिला आणि त्यातून ते झालं. तो वाजवताना मधेच कण्हतो, ते ऐकून काका खूश होतील. आणि झाकीरभाईंवर प्रेम असेल तर सॅक्सवाल्या चार्ल्स लॉइड बरोबरचं संगम, २००६ चं. तबला, सॅक्स आणि ड्रम, बस.

नियमावली
कोणीच सांगितलं नाही म्हणून मी खलनायक होतो. कॉफीवाले, स्ट्रीमिंगचं पर्सनल अकाउंट दुकानात लावायला बहुतेक ॲपच्या अटींमधे परवानगी नसते, ते घरगुती वापरासाठी असतं. शिवाय सार्वजनिक जागी रेकॉर्डेड गाणी वाजवायची तर पीपीएल आणि आयपीआरएससारख्या, गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचं लायसन्स लागतं. तुमच्या सात टेबलांना काय लागू होतं ते सीएला नाही, या विषयाच्या वकिलाला विचारा. गुडमनच्या नादात नोटीस यायला नको.

कॉफीवाला_नाशिक
नियमावली, धन्यवाद, झोप उडवलीत. उद्याच एकाला फोन करतो.

पण काल सगळी टेबलं रिकामी असताना साडेतीनला शटर अर्धं ओढून काकांसाठी गुडमन लावला. ते पेपर न उघडता बसले. क्लॅरिनेट सुरू झालं की प्रत्येक श्वासाला एक बोट वर, इथे घेतला, इथे घेतला, एकदा तर चक्क "चोरून घेतला" म्हणाले आणि हसले. मी दोन वर्षांत त्यांना हसताना बघितलं नव्हतं. सिंग सिंग सिंगला मधेच चार नंबरवाली नेहमीची मुलगी अर्ध्या शटरखालून वाकून आत आली, लॅपटॉप उघडला, पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाली दादा, आज हे ढोल कसले लावलेत, मीटिंग आहे माझी.

शेजारी_पाजारी
सत्त्याण्णव टक्के 😀

कॉफीवाला_नाशिक
आवाज कमी केला. काका म्हणाले, पोरगी मान वर करून बोलली ना पण.